दाराला इंधन कशाला?

८ सप्टेंबर १९८९च्या ‘सायन्स’च्या अंकात एका प्रथिनाचं बारसं झालं. नाव लांबलचक ठेवलं गेलं: सिस्टिक फायब्रोसिस ट्रान्समेम्ब्रेन कंडक्टन्स रेग्युलेटर. पुढे सगळे त्याला सीएफटीआर म्हणू लागले. या नावातला शेवटचा शब्द नीट पाहावा असा आहे. रेग्युलेटर, म्हणजे नियंत्रक. पेशीच्या पडद्यातून क्लोराइड ये-जा करतं आणि त्या वाहतुकीवर या प्रथिनाचा काहीतरी ताबा आहे, एवढंच नाव ठेवणाऱ्यांनी कबूल केलं. हे प्रथिन म्हणजेच क्लोराइडची वाट, की दुसऱ्याच कुठल्या वाटेवरचा राखणदार, याबद्दल त्यांनी हातचं राखून ठेवलं. जगभरच्या प्रयोगशाळा ज्या जनुकामागे धावत होत्या ते हाती लागल्यावरही असा संयम पाळणं सोपं नव्हतं. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो, कारण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचं सगळं काम त्यांनी मोकळ्या सोडलेल्या त्याच प्रश्नातून उगवलं.

पण आधी घामाकडे जायला हवं. युरोपात फार जुनी समजूत होती की ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेतला आणि ओठांना खारट लागलं, ते बाळ फार जगत नाही. ही समजूत शेकडो वर्षं आयांच्या आणि सुइणींच्या तोंडी राहिली, पण डॉक्टरांच्या वहीत तिला जागा नव्हती.

वहीत पहिली नीट नोंद केली ती डोरोथी अँडरसन यांनी. १९०१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलला त्यांचा जन्म झाला. विशीच्या आत आईवडील दोघंही गेले. तरी त्या जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाल्या. त्यांना शस्त्रक्रिया शिकायची होती, पण बाई म्हणून ती जागा मिळाली नाही, आणि त्या शवविच्छेदनाकडे वळल्या. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये एका मुलाचं शव त्यांच्यासमोर आलं. त्याला सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणारा आजार होता, असं कागदावर लिहिलं होतं. अँडरसननी स्वादुपिंड उघडून पाहिलं तेव्हा तिथे धड ऊतीऐवजी तंतूंचं जाळं आणि त्यात अडकलेल्या पाण्याच्या पुटी दिसल्या. हा सीलिअ‍ॅक नव्हे, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या, इतर रुग्णालयांतले अहवाल मागवले आणि १९३८ साली ४९ मुलांचा तपशील एकत्र मांडून या आजाराला सिस्टिक फायब्रोसिस हे वेगळं नाव दिलं. मुलं रोडावतात, अन्न अंगी लागत नाही, फुप्फुसं चिकट कफाने भरून जातात आणि मूल दगावतं, असं हे चित्र होतं. त्या काळात या मुलांपैकी बहुतेक जण शाळेच्या वयापर्यंतही पोचत नसत.

मग १९४८चा ऑगस्ट आला. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि ऊन लागून कोसळलेली मुलं बेबीज हॉस्पिटलमध्ये येऊ लागली. त्यांतली बरीचशी अँडरसन यांच्या ओळखीची, म्हणजे याच आजाराची होती. तिथेच काम करणारे पॉल दि सांत’अन्येसे मूळचे रोमचे. याच मुलांना ऊन एवढं का बाधतं, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. त्यांनी मुलांचा घाम गोळा करून तपासला. त्यात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं रोजचं मीठ, निरोगी मुलांपेक्षा कितीतरी पट निघालं. १९५३ साली हे प्रसिद्ध झालं. या शोधाचं महत्त्व मला दोन कारणांनी वाटतं. एक, निदानाची सोपी खूण मिळाली. १९५९ साली गिब्सन आणि कूक यांनी हातावर पायलोकार्पिन औषधाची पट्टी ठेवून, अगदी मंद वीज सोडून घाम आणायची युक्ती काढली आणि आजही निदान त्याच रीतीने होतं. घामात लिटरमागे ६० मिलिमोलच्या वर क्लोराइड निघालं की आजाराचा दाट संशय. दुसरं कारण अधिक खोल आहे. सूक्ष्मदर्शकाखाली घामाची ग्रंथी धडधाकट दिसत होती. तिथे ना कफ होता ना गाठी, आणि तरीही तिचं काम बिघडलेलं होतं. म्हणजे मूळ दोष चिकट कफाचा नव्हता, मिठाच्या वाहतुकीचा होता.

घामाच्या ग्रंथीचं काम असं चालतं. त्वचेच्या आत खोल वेटोळ्यात जो घाम तयार होतो तो जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो. तो बारीक नळीतून वर चढत असताना नळीची भिंत त्यातलं मीठ परत शरीरात ओढून घेते, म्हणून वर पोचलेला घाम बराच अळणी असतो. या मुलांमध्ये मीठ परत घेतलं जात नव्हतं. का, याचं उत्तर ज्या माणसाने दिलं त्याला हा आजार स्वतःला होता. पॉल क्विंटन विद्यार्थी असताना पुस्तकं वाचून आपल्या आजाराचं नाव ओळखून बसले होते. कॅलिफोर्नियात प्रयोगशाळा उभारल्यावर त्यांनी त्वचेतून घामाची केसाएवढी नळी वेगळी काढून तिच्यातून क्षारयुक्त पाणी सोडायचं कसब कमावलं. स्वतःच्या त्वचेतल्या ग्रंथीही त्यांनी या कामी वापरल्या. १९८३ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिलं की या आजारात नळीची भिंत क्लोराइडला वाटच देत नाही. सोडियम जायला तयार असतं, पण त्याचा जोडीदार दाराशी अडतो, म्हणून दोघंही घामातच राहतात. दार बंद आहे हे तेव्हा कळलं. दार कशाचं आहे, हे कळायचं बाकी होतं.

ते शोधायचं तर जनुक हवं होतं. ते सातव्या गुणसूत्रावर आहे हे १९८५ साली नक्की झालं. पुढची चार वर्षं टोरंटोचे लाप-ची त्सुई आणि जॅक रिऑर्डन, आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांची. मे १९८९मध्ये येल विद्यापीठात एक परिषद होती. त्सुई आणि कॉलिन्स तिथे गेले होते आणि प्रयोगशाळेतले निकाल रोज हाती यावेत म्हणून त्यांनी मुक्कामाच्या खोलीत फॅक्सचं यंत्र बसवून घेतलं होतं. एका पावसाळी रात्री त्या यंत्रातून आलेल्या कागदांवर त्यांना उत्तर दिसलं. जनुकातली अवघी तीन अक्षरं गळाली होती आणि त्यामुळे १४८० दुव्यांच्या प्रथिनातला ५०८वा दुवा, फेनिलअ‍ॅलनिन, गायब झाला होता. युरोपीय वंशाच्या रुग्णांमधल्या बिघडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्क्यांत हाच दोष निघाला. आणि रिऑर्डन यांनी जनुकाचा संदेश पकडला तो घर्मग्रंथीच्या वाढवलेल्या पेशींमधून. गोष्ट पुन्हा घामापाशीच आली.

आता त्या नावातल्या संकोचाकडे वळू. प्रथिनाची दुव्यांची माळ वाचल्यावर रिऑर्डनना ओळखीचा चेहरा दिसला. त्यांनी आधी पी-ग्लायकोप्रोटीनवर काम केलं होतं. कर्करोगाच्या पेशी औषध बाहेर फेकून देतात ते याच प्रथिनाच्या जोरावर. त्या मोठ्या कुळाला एबीसी वाहक म्हणतात. जिवाणूपासून माणसापर्यंत सगळीकडे हे कूळ पसरलेलं आहे. कुणी पेशीत जीवनसत्त्व ओढून आणतं, तर कुणी विष बाहेर टाकतं. या सगळ्यांची एक खूण असते. पेशीच्या आतल्या बाजूला लोंबणारे दोन गोळे, आणि त्या गोळ्यांत एटीपी धरायच्या खाचा. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. ते फोडलं की ऊर्जा सुटते आणि त्या ऊर्जेवर ही प्रथिनं माल चढावर ढकलतात. सीएफटीआरमध्ये दोन्ही गोळे होते, खाचाही होत्या.

इथेच घोडं अडलं. आपल्याकडची जुनी मोट आठवा. विहिरीतलं पाणी वर काढायचं तर बैल लागायचे, नाडा लागायचा, बैल पुढेमागे चालवणारा माणूस लागायचा. पण वर आलेलं पाणी पाटातून वाफ्यात सोडायला बैल लागत नाहीत. दारं धरणारा गडी फावड्याने मातीचा बांध फोडतो आणि पाणी आपल्या उताराने वाहतं. एबीसी कूळ म्हणजे मोटांचं कूळ. आणि क्लोराइड तर घामाच्या नळीत उताराने वाहत होतं, त्याला कुणी ढकलायची गरज नव्हती. मग मोटेच्या घराण्यातलं हे प्रथिन दाराशी काय करत होतं? दाराला इंधन कशाला हवं?

काही जणांनी तर्क केला की सीएफटीआर दार नाहीच, ते दुसरंच काही पेशीबाहेर टाकत असेल आणि त्याच्या प्रभावाने खरं दार उघडत असेल. तर्क वेडगळ नव्हता, म्हणून तो खोडायला पुरावाही तसाच भक्कम लागला. १९९१ साली आयोवाच्या मायकेल वेल्श यांच्या गटाने पडद्याच्या आत शिरलेल्या भागातले मोजके दुवे बदलले आणि वाहिनीची आवड-निवड उलटली. एरवी आयोडाइडपेक्षा क्लोराइडला पुढे सोडणारी वाट आता आयोडाइडला आधी सोडू लागली. वाटेच्या भिंती बदलल्यावर आत शिरणाऱ्यांचा क्रम बदलतो, म्हणजे भिंती याच प्रथिनाच्या. शंकेखोरांना एवढ्यानेही पुरेसं वाटलं नाही, कारण हे सगळं जिवंत पेशीत घडत होतं आणि पेशीत इतर हजार प्रथिनं असतात.

तो शेवटचा आडोसा क्रिस्टिन बेअर यांनी काढला. टोरंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेनमध्ये त्यांनी आणि रिऑर्डन यांनी मिळून हे प्रथिन शुद्ध करायचं ठरवलं. त्यासाठी ते भरपूर बनवणारी पेशी हवी. त्यांनी निवडलेल्या पेशी मूळ एका पतंगाच्या कोषातल्या, स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डाच्या. हे नाव आज महाराष्ट्रातल्या मका उत्पादकांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. २०१८ सालापासून मक्याचे पोंगे कुरतडणारी जी अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे शिरली, ती हीच. तिच्या कोषाच्या अंडाशयातल्या पेशी १९७०च्या दशकापासून प्रयोगशाळेत वाढवल्या जात आहेत, आणि कीटकांनाच लागणाऱ्या एका विषाणूच्या पाठीवर बसवून माणसाचं जनुक त्यांच्यात सोडता येतं. शेतकऱ्याच्या पिकावर उठलेल्या अळीच्याच पेशींनी माणसाच्या एका आजाराचं कोडं सोडवायला कच्चा माल पुरवला, हे समजल्यावर मी थोडा वेळ वाचायचा थांबलो होतो.

शुद्धीकरणाचं काम कष्टाचं होतं. पडद्यातलं प्रथिन चरबीत रुतलेलं असतं. ते सोडवायला कडक साबणासारखं द्रव्य घालावं लागतं, आणि तेच द्रव्य प्रथिनाची घडी विस्कटू शकतं. म्हणून आधी साबणात सोडवायचं, खनिजाच्या भुकटीने भरलेल्या नळीतून गाळून इतर प्रथिनांपासून वेगळं करायचं, मग साबण हळूहळू धुऊन काढून त्याला चरबीच्या सूक्ष्म फुग्यांमध्ये पुन्हा बसवायचं. एवढ्या हालअपेष्टांनंतर ते चालेल याची खात्री कुणी द्यावी? पण ते चाललं. १९९२ साली ‘सेल’मध्ये निकाल आला. चरबीच्या पडद्यात एकट्या सीएफटीआरखेरीज दुसरं काही नसताना क्लोराइड वाहत होतं. सीएफटीआर दार आहे, हा वाद मिटला.

आता इंधनाचा प्रश्न आणखी टोकदार झाला. १९९१ सालीच वेल्श यांच्या गटाने दाखवलं होतं की पडद्याच्या आतल्या बाजूने एटीपी दिल्याशिवाय हे दार उघडत नाही. त्याहून सूक्ष्म काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डेव्हिड गॅड्स्बी यांच्याकडे चाललं होतं. गॅड्स्बी हृदयाच्या पेशी अभ्यासत आले होते आणि गिनीपिगच्या हृदयपेशींतली एक क्लोराइड वाहिनी सीएफटीआरसारखीच वागते हे त्यांच्या गटाने १९९२ साली दाखवलं होतं. त्यांची रीत अशी. काचेची नळी तापवून ओढायची, टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं बारीक करायचं, ते पेशीला टेकवून पडद्याचा इवलासा तुकडा उचलायचा. त्या तुकड्यात कधी एकच वाहिनी असते. मग यंत्राच्या पडद्यावर एक रेघ सरळ चाललेली दिसते. एटीपी सोडलं की ती अचानक एक पायरी उतरते, काही क्षण तिथे थरथरत राहते आणि पुन्हा वर येते. ती पायरी म्हणजे एका रेणूचं दार उघडणं. जेमतेम अर्धा पिकोअँपिअर प्रवाह, पण तेवढ्यातही सेकंदाला सुमारे तीस लाख क्लोराइड निघून जातात. एका रेणूचं वागणं इतक्या उघडपणे पाहायला मिळणं ही जीवशास्त्रातली फार थोड्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे.

त्या रेघेनेच उत्तराची पहिली खूण दिली. एटीपीसारखं दिसणारं पण न फुटणारं द्रव्य एकटं दिलं तर दार जवळजवळ उघडत नव्हतं. पण खऱ्या एटीपीसोबत दिलं तर उघडलेलं दार अडकून बसायचं, मिनिटभरसुद्धा मिटायचं नाही. व्हॅनेडेटसारखी द्रव्यं, जी एटीपी फुटल्यानंतरच्या अवस्थेला चिकटून ती गोठवतात, त्यांनीही तेच केलं. १९९४ साली गॅड्स्बी, हुआंग, बाउक्रोविट्झ, नेर्न यांनी हे मांडलं. याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये गंडरसन आणि कोपिटो यांना दिसलं की उघडलेलं दार दोन पायऱ्यांतून जातं आणि त्या पायऱ्या बहुतेक वेळा एकाच क्रमाने येतात, पहिली मग दुसरी, उलट जवळजवळ कधीच नाही. नुसतं वाऱ्याने हलणारं दार पुढेमागे सारखंच हलेल. एका दिशेने फिरणाऱ्या चक्राला कुठून तरी खर्च येतोच. तो खर्च म्हणजे एटीपी फुटणं.

पण सीएफटीआर स्वतः एटीपी फोडतं, हे रसायनाच्या तराजूत तोलून दाखवायचं राहिलं होतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये यंग हे को आणि पीटर पेडरसन यांनी १९९५ साली प्रथिनाचा नुसता पहिला गोळा वेगळा बनवून त्यात हे विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम दिसतं असं सांगितलं. अख्ख्या प्रथिनाचा हिशेब लागला १९९६ साली, आणि तो पुन्हा टोरंटोच्या बेअर यांच्या प्रयोगशाळेतून. कानहुई ली, मोहाबीर रामजीसिंग आणि सहकाऱ्यांनी तेच शुद्ध केलेलं प्रथिन, तेच चरबीचे फुगे घेतले. एटीपीला किरणोत्सारी खूण लावून ते फुग्यांबरोबर ठेवलं आणि त्यातलं किती फुटून एडीपी झालं ते मोजलं. फुटत होतं. पेशीतल्या प्रथिन-कायनेज-ए या विकराने सीएफटीआरवर आधी फॉस्फेटचे शिक्के मारलेले असले की जास्त फुटत होतं. म्हणजे सीएफटीआर वाहिनीही होतं आणि विकरही.

मात्र हे विकर फार मंद. एक एटीपी फोडायला त्याला सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. त्याचं भाऊबंद पी-ग्लायकोप्रोटीन तेवढ्या वेळात कित्येक फोडतं. विकरांच्या जगात ही गती लाजिरवाणी म्हणावी अशी. पण हीच मंदगती इथे बोलकी होती. काचेच्या नळीतल्या रेघेवर दार उघडमीट व्हायचा वेगही त्याच पट्टीतला होता. एका उघडझापेला एक एटीपी, असा हिशेब जुळू लागला. त्याच लेखात आणखी एक तपशील होता. काही रुग्णांत ५५१व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टेट येतं. ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचतं, पण त्याचं दार क्वचितच उघडतं. त्याचं विकर-कामही घटलेलं निघालं. रुग्णाच्या खोकल्यापासून परीक्षानळीतल्या फॉस्फेटपर्यंतचा धागा पहिल्यांदा सलग हाताला लागला.

मग पुढच्या दशकात चित्र हळूहळू स्वच्छ झालं. दोन गोळ्यांच्या मध्ये एटीपीच्या दोन खाचा असतात, पण त्यांतली एकच काम करते. दुसऱ्या खाचेत एटीपी मिनिटंच्या मिनिटं न फुटता बसून राहतं, गॅड्स्बींच्या गटाने २००३ साली दाखवलं तसं. म्हणजे मोटेच्या घराण्यातल्या या प्रथिनाचा एक बैल कधीच सुटून गेला होता. वेल्श आणि क्रिस्टोफ रँडाक यांनी त्याच वर्षी वेगळी बाजू मांडली. सीएफटीआर एटीपी आणि एएमपी यांच्यात फॉस्फेटची देवाणघेवाणही करतं, म्हणजे त्याच्या अंगी अ‍ॅडेनिलेट कायनेजचंही काम आहे आणि त्यानेही दार हलतं, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक अभ्यासकांनी पहिलं चित्र धरलं. पण पेशीत एएमपी असतंच, म्हणून मला ही दुसरी बाजू अजूनही विचारात घ्यावीशी वाटते.

२००५ साली पाओला वेर्गानी, स्टीव्ह लॉकलेस, नेर्न आणि गॅड्स्बी यांनी निर्णायक काम केलं. त्यांनी शेकडो एबीसी प्रथिनांच्या माळा शेजारी शेजारी मांडल्या आणि दोन गोळ्यांवरच्या अशा दोन जागा शोधल्या ज्या उत्क्रांतीत जोडीनेच बदलत आल्या होत्या. एक पहिल्या गोळ्यावर ५५५वी, दुसरी दुसऱ्या गोळ्यावर १२४६वी. दुसऱ्या गोळ्यावरची जागा एकटी बदलली की दार उघडायला वेळ लागू लागला. दोन्ही जोडीने बदलल्या की पुन्हा जमू लागलं. दार मिटलेलं असताना त्या जागांचा एकमेकींशी संबंध नसतो, उघडताना त्या एकमेकींना धरतात. म्हणजे एटीपी येऊन बसलं की दोन गोळे चिमट्यासारखे जुळतात आणि ती ओढ वर पोचून दार उघडतं. एटीपी फुटलं की चिमटा सैल होतो आणि दार मिटतं. लास्लो चानाडी यांनी २०१० साली उघडण्याच्या कालावधींची गणितं मांडून दाखवलं की जवळजवळ प्रत्येक मिटण्याआधी एक एटीपी खरोखर फुटलेलं असतं.

उघडायला एटीपीने नुसतं येऊन बसावं लागतं आणि फुटतं ते मिटण्यासाठी. इंधन वेळेवर मिटण्याकरिता जळतं. दारं धरणाऱ्या गड्याचं अर्धं काम बांध फोडणं असतं आणि अर्धं, वाफा भरला की तो परत लिंपणं. ते दुसरं अर्धं चुकलं तर काय होतं, हे आपल्या देशाने फार जवळून भोगलं आहे. पटकीच्या जिवाणूचं विष आतड्यातल्या पेशींना याच प्रथिनावर फॉस्फेटचे शिक्के मारत राहायला लावतं. दार सुटंच राहतं, क्लोराइडमागोमाग पाणी आतड्यात लोटतं आणि माणूस काही तासांत सुकून जातो. ते विष जिवाणूबाहेर पडून काम करतं हे १९५९ साली कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी दाखवलं, तेव्हा सीएफटीआरचं नावही जन्माला यायचं होतं.

२०१७ साली रॉकफेलरमध्येच ज्यू चेन यांच्या गटाने गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावून मानवी सीएफटीआरची ३.९ अँगस्ट्रॉमची आकृती उभी केली. चानाडी आणि गॅड्स्बी त्या लेखात सहलेखक होते. शिक्के न मारलेल्या त्या आकृतीत दोन गोळे एकमेकांपासून दूर आहेत आणि मधे एक सैल पट्टा पाचरीसारखा घुसलेला आहे. शिक्के पडल्यावर तो पट्टा बाजूला होतो आणि गोळ्यांना जवळ यायला जागा मिळते. पंचवीस वर्षं रेघांवरून आणि फॉस्फेटच्या मोजमापांवरून जे बांधलं होतं ते डोळ्यांना दिसलं. गॅड्स्बी २०१९ साली गेले. ते पाहून गेले याचं मला बरं वाटतं.

औषधाने या हिशेबात भर घातली. व्हर्टेक्स कंपनीचं आयव्हाकॅफ्टर ३१ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेत मंजूर झालं, आधी फक्त ५५१व्या जागेचा दोष असलेल्यांसाठी. चाचणीत २४ आठवड्यांत श्वासाची ताकद १० टक्क्यांहून जास्त सुधारली आणि घामातलं क्लोराइड लिटरमागे सुमारे ४८ मिलिमोलने खाली आलं. १९४८च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या तपासातली खूण एका गोळीने पुसली जात होती. त्याच वर्षी बेअर यांच्या प्रयोगशाळेतून पॉल एकफर्ड आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तोच शुद्ध सीएफटीआर आणि तेच फुगे घेऊन औषध नेमकं काय करतं ते तपासलं. फॉस्फेटचे शिक्के लागत होते, पण एटीपी नसतानाही दार उघडत होतं. औषधाने इंधनाचा टप्पाच बाजूला ठेवला होता. २०१९ साली चेन यांच्या गटाने औषधाची जागा दाखवली. एटीपीच्या खाचांपासून लांब, पडद्यातल्या एका बिजागरीपाशी. त्यांनीच २०२३ साली एकेका रेणूवर नजर ठेवून सांगितलं की गोळे जुळतात आणि दार उघडतं यांच्या मध्ये आणखी एक पायरी आहे, आणि ५५१चा दोष तीच पायरी अवघड करतो.

आपल्याकडे हा आजार होतच नाही असं डॉक्टर फार वर्षं मानत आले. भारतातल्या नोंदी १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या, तरी क्षय, कुपोषण, दमा अशी नावं लागून अनेक मुलं गेली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काब्रा यांच्या गटाने घाम गोळा करायचं साधं, स्वस्त साधन इथेच बनवलं, तेव्हा मुलं मोजली जाऊ लागली. ५०८चा दोष आपल्या मुलांमध्ये युरोपापेक्षा कमी आढळतो, बाकीचे दोष वेगळे आणि विखुरलेले आहेत. त्यामुळे एका दोषावर बेतलेलं औषध सरसकट लागू पडत नाही. २०१९ साली आलेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळ्यांची अमेरिकेतली किंमत तेव्हाच वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती. ती परवडेल अशी घरं इथे किती? म्हणून बहुतेक मुलांचा दिवस छातीवर थापट्या देऊन कफ मोकळा करण्यात, जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल घेण्यात जातो. आणि एप्रिल लागला की डॉक्टर आईला सांगतात, आता याच्या खाण्यात रोज थोडं जास्त मीठ घाला.